स्टॅमिना

आधी दोनदा झालं होतं.
पहिल्यांदा जानेवारीत, गड्ड्याची सुट्टी संपल्यावरच्या सरावात.
मानसा दुडम खांबापाशी बसली, मग आडवी झाली.
मी लिंबूसरबत पाजलं, म्हणालो,
सकाळी खात का नाहीस बे काही?
ती हसली. ओठांवर साखरेचे कण.

दुसऱ्यांदा मार्चमध्ये. ऊन होतं.
सोलापुरात ऊन असलं की
दुसरं कारण कुणी शोधत नाही.

मधे कधीतरी म्हणाली होती, सर, छातीत दुखतं,
पळतानाच फक्त. बसलं की थांबतं.
मी वहीत तिच्या नावापुढे लिहिलं : स्टॅमिना.

तिसऱ्यांदा
पाठीवर खो बसला, ती उठली,
चार पावलं गेली.
बाकी आठ जणी आपापल्या चौकोनात,
एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे,
तशाच बसून राहिल्या.
कुणाला खो मिळाला नव्हता.

सिव्हिलमधल्या डॉक्टरीणबाईंनी
केसपेपरच्या मागे चित्र काढलं.
हृदयाला रक्त देणारी डावी धमनी
हिची उजवीकडून निघालेली,
दोन मोठ्या नळ्यांच्या फटीतून गेलेली.
पळताना त्या नळ्या फुगतात. मधली चेपते.
जन्मापासून?
जन्मापासून.
म्हणजे सतरा वर्षं ती
त्या फटीतून पळत होती,
जिल्ह्याला, विभागाला, दोनदा राज्याला.

तिचे वडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर.
बराच वेळ चित्र बघत राहिले.
आधी तेलुगूत काही पुटपुटले, मग मराठीत म्हणाले,
आमच्याकडं ताण्याचा एक धागा फणीत चुकला
तर कापडावर रेघ येते.
वीतभर विणलं की दिसते, माग थांबवतो आम्ही.
हिच्यात रेघ नव्हती हो, सर.

मी मान हलवली.
जानेवारी. मार्च.
वही माझ्या पिशवीत होती.

तिच्या भावाची तपासणी झाली, तो ठीक आहे.
आई निकालाचा कागद
विड्यांच्या सुपाखाली ठेवते, उडू नये म्हणून.
मी गेलो की चहा देते. काही विचारत नाही.
विचारलं असतं तर बरं.

आता सराव सुरू करण्याआधी मीच विचारतो.
पळताना कुणाला चक्कर आली? छाती भरून आली?
घरात कुणी तरुणपणी, धडधाकट असताना, अचानक?
मुली एकमेकींना कोपर मारतात.
सर, ऊन किती आहे बघा की,
सगळ्यांनाच येते.

शेवटच्या चौकोनातली नवी पोरगी हसत नाही.
बुटाची बांधलेली नाडी
सोडून पुन्हा बांधते आहे.

शिट्टी खिशात टाकतो.
तिच्यासमोर मातीत बसतो.
कुणीतरी सरबत आणायला उठतं, त्याला म्हणतो,
थांब. आधी ऐकू दे.