निळी गाडी

माझी गाडी निळी, हिंमतची पांढरी.
पांढरीत प्यायचं पाणी, निळीत बाकीचं.
निळीवाल्यानं पांढरीच्या नळीला हात लावायचा नाही,
दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करायच्या नाहीत,
असं भिंतीवर लिहिलंय, इंग्रजीत आणि हिंदीत.
मराठीत लिहायची गरज पडली नसावी.
आमच्याकडे ते सगळ्यांना पाठ होतं.

ट्रेनिंगवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या,
दादा, हा जंतूंचा प्रश्न आहे.
मी मान हलवली. जंतूंचं मला पटतं.
माझा बाप भुसावळच्या यार्डात डबे धुवायचा,
त्याला कुणी जंतू समजावले नव्हते.
टपरीवर त्याचा कप
छपराच्या वाशात वेगळा खोचलेला असायचा,
बिनकानाचा.

मे महिना, मंगळवार.
हिंमतच्या सासूचं दहावं, धरणगावला.
विमान उतरलं तेच तक्रार घेऊन:
मागच्या संडासाचा नळ कोरडा,
खालची टाकी गळ्यापर्यंत आलेली.
मुंबईला भरलंच नाही म्हणे, घाई होती.

शिडीवरून एक म्हातारी उतरली, पारोळ्याकडची,
पिशवीतून स्टीलचं टमरेल डोकावत होतं.
माझा निळा शर्ट बघून थांबली.
"भाऊ, इतलं वर गऊ, तठे बी पानी नही!"
आणि अशी हसली
की जणू पारोळ्याची इज्जत वाचली.

बेंडाळे साहेब मनगट बघत आले.
पंचवीस मिनिटं आहेत,
निळी झाली की मोजे बदल आणि पांढरी लाव.
साहेब, भिंतीवर लिहिलंय.
कोण वाचतंय, म्हणाले.

निळी लावली. खटका ओढला.
गडगडत आलं सगळं,
वर औषधाचा वास, त्याच्याखाली माणसांचा.
खिडकीजवळच्या सीटचा वेगळा
आणि शेवटच्या रांगेचा वेगळा, असा काही नसतो.
मग साबण. कोपरापर्यंत, तीनदा.
तिसऱ्यांदा कशासाठी, ते मलाच विचारलं.
नवे मोजे.

पांढरीची नळी उन्हात पडलेली,
पहिलं पाणी चहाच्या आधणासारखं.
एक मिनिट वाहू द्यायचं, असा नियम.
हिंमत देतो वाहू.
मला नाही जमलं.
मी रंगाचा रिकामा डबा खाली धरला,
भरल्यावर गेटजवळच्या कडुनिंबाच्या सावलीत ठेवला, निवायला.
संध्याकाळी झाडालाच घातलं.

नळी जोडली. काटा चढायला लागला,
आणि खिशात फोन थरथरला.
संघमित्रा.
"पप्पा, पानी उनं!"
अकराव्या दिवशी. तेही भर दुपारी.
"आई ड्युटीवर आहे, मोटर चढेना, काय करू?"
काटा अर्ध्यावर होता.
एका हातानं फोन, दुसऱ्या हातानं
एकाहत्तर अनोळखी माणसांचं पाणी.
मी म्हटलं, आधी मडकं भर.
मग घागर. मग बादल्या.
कपड्यांचं बघू.

बेंडाळे साहेबांनी कागदावर सही मागितली.
पांढऱ्याच्या रकान्यात हिंमतचं नाव छापलेलं होतं.
मी ते खोडलं नाही,
शेजारी माझं लिहिलं, पूर्ण, बापासकट.

विमान उठलं, अजिंठ्याच्या डोंगराकडे वळलं.
आता वर कुणी तोंडावर पाणी मारत असेल,
कुणी पोराचं ढुंगण धूत असेल.
माझ्या हातचं पाणी.
चहा त्याचाच करतात की थर्मासमधला देतात,
मला माहीत नाही.
हिंमतला विचारलं पाहिजे.

रात्री नशिराबादला पोचलो तेव्हा नळ कधीच गेलेला.
दोन बादल्या भरलेल्या, तिसरी निम्मी.
मडकं काठोकाठ, वर ताटली,
ताटलीवर पालथा पेला.
पोरगी अभ्यास करता करता झोपून गेली होती,
फ्रॉकची कड अजून ओली.