लिटरला नऊ

जानेवारीत जहराला कधीमधी पहाटे
व्हॅनच्या काचेवर पांढरं साचतं.
पहिल्या वर्षी मला ते मीठ वाटलं होतं.
आता मी ते सिव्हिल आयडीच्या कडेनं खरवडतो,
माझा फोटो आतल्या बाजूला ठेवून.

नादेर, आमचा हिशेबनीस, अलेप्पोचा.
अरबीत 'प' नाही, म्हणून मी त्याचा बरशुराम.
काल त्यानं वही माझ्याकडे फिरवली.
नोव्हेंबर, लिटरला अकरा.
जानेवारी, लिटरला नऊ.
एसी तर बंद आहे, बरशुराम.
मग बनझीन जातं कुठे?

चोर म्हणाला नाही.
पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

आता याला कसं सांगू, की रात्रभर उघड्यावर उभं राहून
ऑइलची काकवी होते,
बुडाला धरून बसते,
पिस्टनला त्यातून स्वतःला उपसून काढावं लागतं;
की गार बनझीनची धड वाफ होत नाही,
म्हणून इंजिन पानात जास्त वाढून घेतं
आणि थोडं तसंच टाकून उठतं;
की थंड हवा जड असते, ती ढकलायलाही इंधन लागतं;
की टायरात बत्तीस भरली होती, आज अठ्ठावीस भरते,
पंक्चर कुठेच नाही.
या सगळ्यात चोर कोणी असेलच
तर ती टायरातली हवा.
थंडीत ती अंग चोरते.

एवढं सगळं मनात. मराठीत.
तोंडातून निघालं ते इतकंच:
ज़ेत बारिद. सय्यारा तआबान.
तेल थंड. गाडी दमलेली.

आज सव्वापाचला नादेर स्वतःच येऊन
माझ्या शेजारी बसला, मफलर कानावर, मांडीवर वही.
पहिली मुलं सहाशे मीटरवर.
तिथून पुढचं घर दोन गल्ल्या टाकून.
मुबारक दप्तर विसरला, परत गेला.
मग दलालचं दार. इथे हे मुलीचं नाव,
आमच्या गावात लोक यावर दोन टक्के घेतात.
दलालची आई वरच्या खिडकीतून पाच बोटं दाखवते.
तिची पाच मिनिटं म्हणजे अकरा.
इंजिन चालू. मुलं तोंडाच्या वाफेनं
काचेवर उंट काढतात.

मी बोट लावून काटा दाखवला.
तापमानाचा. तो अजून तळाशीच.
शाळा आली तेव्हा कुठे जरा हलला,
आणि मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.
रोज असंच. चार किलोमीटर.
तापायच्या आत काम संपतं.

घरी फोन करतो तेव्हाही हेच होतं.
जेवलास का, जेवलो, पाणी आलं का, आलं,
यात सगळी मिनिटं जळतात.
बायकोचा आवाज जरा सैल पडतो, ती म्हणते,
अहो, एक सांगायचं होतं,
आणि दुपारची शाळा सुटते.
ते एक काय, हे मी नऊ वर्षं
हप्त्याहप्त्यानं ऐकतोय.

उतरताना नादेर म्हणाला,
त्याचे वडील ट्रकखाली रात्री निखाऱ्याची शेगडी ठेवायचे.
एकदा सीट जळली.
मग हसला, आणि पहिल्यांदाच मला
त्याचे खालचे दोन दात नाहीत हे कळलं.
नवाच्या पुढे त्यानं बारीक अक्षरात लिहिलं: बर्द.
थंडी.
उद्यापासून दलालच्या दारात बंद करू का, विचारलं मी.
नको, म्हणाला, पोरं गारठतील.

टायरात मी चार पौंड हवा भरून घेतली. ती फुकट असते.

मार्चमध्ये पुन्हा अकरा होतील.
हे वरचे दोन किलोमीटर कुठून आणलेस,
असं मला कुणी विचारणार नाही.