पानाखालची पिवळी

पाणी काळं नाही, ओंजळीत घेतलं की कळतं.
कोरा चहा, कुणीतरी साल उकळून विसरलेला.
त्यात गुडघ्याखाली पाय तांबडे दिसतात,
त्याच्याही खाली पाय नसतातच.

सासू पुढे. ओनेइदे. वय विचारलं तर म्हणते,
पुराच्या खुणा झाडांवर आहेत, मोजून घे.
हातजाळ्याचं तोंड ती कुजक्या पानांखाली सरकवते,
झोपलेल्या पोराच्या मानेखाली उशी सारावी तसं,
आणि उचलते.
सुपासारखं दोनदा हलवते.
काड्या, एक कोळंबी, रागावलेला खेकडा,
मग पानांनाच डोळे फुटावेत तसे
ते.

करंगळीच्या दोन पेरांएवढे.
नराच्या शेपटीला दोन टोकं,
गालावर निळी शाई झाडल्यासारखे शिंतोडे.
बाहेरच्या जगात त्यांना लांबलचक नाव आहे.
व्यापाऱ्याने एकदा लिहून दिलं होतं,
तो कागद भिजला.
आम्ही म्हणतो, पानातले.

नराला भाव आहे. मादी जोडीला म्हणून जाते,
भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखी.

त्या दिवशी जाळ्यात एक पिवळी आली.
पिवळी म्हणजे लेकुरवाळी.
एरवी चिखलाच्या रंगाची, पण अंडी घातली
की पिकल्या काजूफळासारखी होते,
आणि डोळ्यातून काजळाची रेघ.
पिल्लं मात्र आली नाहीत.
जाळीच्या भोकांना ती पाण्याइतकीच लहान.

मी म्हटलं, सोडू?
सासू पुढच्या पानांकडे निघालेली.
"पाणी उतरतंय. महिन्याभरात हा ओहोळ डबकं होईल,
मग चिखल, मग बगळे.
बगळ्यांना जेवू घालायचंय का तुला?"
टाकली टबात.

रात्री टॉर्च घेऊन मेलेले वेचायचं काम माझं.
नऊ टब झाले. दहाव्यात ती.
शेपटी भिंतीला लावून उभी,
अंगावरचा रंग जराही उतरला नव्हता.
टबात पावसाच्या पिंपातलं पाणी मिसळलं होतं,
त्यातून आलेल्या डासांच्या अळ्या तिच्यासमोर,
वीस-पंचवीस वळवळणारे स्वल्पविराम.
नर जवळ आला की गाल फुगवून धावायची,
परत यायची.
एक अळी भरकटली. तिने ती तोंडात धरली.
मी वाट पाहिली, आता गिळेल.
तिने ती बाकीच्यांत आणून सोडली,
अगदी हळू.

मी सासूला हाक मारली.
आली, हातात चिंधी, बोटांना ऑइल.
एदिवान मानाउसला मोटरसायकली जोडतो, तिसरं वर्ष.
त्याच्या होडीचं इंजिन ओट्यावर आहे,
ते ही दर रविवारी पुसते.
पेट्रोल नाही. पंखा तर त्यानेच जाताना विकला.

ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली,
टॉर्चचा उजेड मंद होत गेला.
"वेडी आहे," म्हणाली.
थोड्या वेळाने, "उद्या-परवा डास होतील त्यांचे. उडून जातील."
आणि आत जाता जाता,
"तोवर."

सकाळी बोट आली. आठशे चाळीस भरले.
बोटीवरच्या देनिल्सनने पिशवी उजेडात धरली,
ही का अशी पिवळी? आजारी आहे?
नाही, म्हटलं.
पिशवीत एक पान होतं,
कुजकं, द्रोणासारखं वळलेलं.
मी टाकलं नव्हतं.
पानाचे पैसे कुणी धरत नाही.

बोट वळणाआड गेली.
दहावा टब मी ओहोळात ओतला, अळ्यांसकट.
तळाशी पानांना डोळे फुटले,
एकदा, दोनदा,
आणि पाणी पुन्हा कोरा चहा.