पाकिटाची लांबी

दोनशे छप्पन्न होती, कारखान्यातून आली तशी.
म्हणजे दोनशे छप्पन्न अक्षरं एका दमात,
आणि वाटेत एक जरी सांडलं
तर पलीकडचा मोडेम सगळंच नाकारतो.
म्हणतो, पहिल्यापासून सांग.

पलीकडे भोरला उस्मान मणेर.
टेलिफोन एक्स्चेंजात आम्ही सोळा वर्षं
एकाच रॅकच्या पुढे-मागे उभे,
तो तारा ओढायचा, मी नोंदी.
मध्ये कात्रजचा घाट,
आणि इथे सहकारनगरात
डीपीतली ठिणगी, मंगल कार्यालयाच्या माळा,
कुणाचा तरी स्वस्तातला चार्जर.
गच्चीच्या दारावर सेक्रेटरींची पाटी:
'काठ्या उभारू नयेत. वाळवण चालेल.'
म्हणून माझ्या अँटेनावर कायम एक परकर असतो.

रात्री अकराला बसले.
एकशे अठ्ठावीस केली. तीनदा गेलं, तीनदा परतलं.
चौसष्ट. निम्मं पोचलं.
बत्तीस.

आता गंमत अशी, की पाकीट कितीही लहान करा,
त्याचा पत्ता, माझा पत्ता, क्रमांक, शेवटची बेरीज
हे दर वेळी लिहावंच लागतं.
मजकूर चिमूटभर, पाकीटच जड.
खात्यात असते तर साहेबांनी
लाल शाईत शेरा मारला असता: अपव्यय.

पण जात होतं.
'उस्मान, जेवलास का नीट'
पोच.
'हात कसा आहे, बोटं हलतात का'
पोच.

मार्चपासून त्याला शब्द सापडत नाहीत.
सून सांगते, लांब वाक्य अर्ध्यात सुटतं,
मग मामंजी पहिल्यापासून सुरू करतात,
घाम फुटेपर्यंत.
डावी तर्जनी मात्र अजून बरोबर कळ शोधते.

बारा वाजून गेल्यावर आलं:
'हो'
मी पोच दिली.
बराच वेळ नुसती खरखर.
'भात'
पोच.
'तू'
एका पाकिटात मावेल एवढंच लिहिलं: बरी आहे.
खरं तर त्याला चारशे लागली असती.

पुन्हा खरखर. वाटलं, झोपला.
खाली वरात आली, बँड वाजून वाजून थकलेला,
आणि त्या गोंधळातून, एकही अक्षर न सांडता:
'लांबी किती'
बत्तीस, म्हटलं.
'सोळा कर'

केली.
मग गच्चीवर जाऊन बघितलं,
परकर अजून ओलाच होता.