पोटाखाली

बांगड्या काढून मी खिळ्याला अडकवते.
इथला पहिला नियम, मस्करेन्हस सरांनी शिकवलेला:
रंगाला काचेचा ओरखडा चालत नाही.
दुसरा, चिंधी जुन्या सुती शर्टाचीच,
आणि बटणं आधी कापायची.
तिसरा त्यांनी सांगितला नाही.
तो मला गेल्या पौषात कळला.

फुरसुंगीहून सायकलनं निघते साडेसहाला,
कालव्याकडेनं,
कचरा डेपोचा वास मागे पडेपर्यंत तोंडाला ओढणी.
हँगरचं दार ढकलायला दोघं लागतात,
वॉचमन हरपळे आणि मी.
आत तीन विमानं, इतकी गार
की पत्र्याला हात लावला तर कोपरापर्यंत झिणझिणी.

मग चाकाच्या फळीवर उताणी, पोटाखाली.
धुराच्या नळीपासून शेपटापर्यंत राखाडी पट्टा,
कडांना तेलकट, मध्ये कोरडा.
मगरपट्ट्यात चार घरची भांडी घासायचे
तेव्हा कढईचं बूड मी ताकदीनं जिंकायचे.
इथे ताकद म्हणजे नुकसान.
रॉकेल थोडं, साबण त्याहून थोडा,
मग थांबायचं,
काजळी आपणहून हात सोडेपर्यंत,
आणि पुसायचं ते वारा जातो तसं,
नाकाकडून शेपटाकडे. गोल गोल कधीच नाही.
पहिल्या महिन्यात काळं पाणी कानात जायचं.
आता मान कुठे वळवायची ते मानेलाच माहीत.

शिकायला येणारी पोरं नाकाशी उभी राहून फोटो काढतात.
त्यांचं विमान वरचं.
माझं खालचं:
कुठला रिवेट मागाहून बसवलाय,
कुठे रंगाऱ्याचा हात दोनदा फिरलाय,
कुठे कुणीतरी चाक जोरात टेकवलं आणि सांगितलं नाही.

त्या दिवशी अकराला पाहुणे येणार होते.
निमकर साहेब घड्याळ बघत म्हणाले, आरसा पाहिजे.
पट्टा निघाला सगळा.
पण इंजिनाच्या झाकणाच्या सांध्याशी,
नळीच्या चार बोटं वर,
जिथे धुराचं काही काम नाही,
पेन्सिलीनं ओढावी एवढी रेघ.
मधे पांढुरकी, कडेनं काळी.
सोमवारी नव्हती.

चिंधी ओलीच होती.
एक हात, की गेली असती.
मी रेघेशेजारी अंगठा ठेवला
आणि तशीच पडून राहिले.
"काय झालं?"
"हे मी पुसणार नाही."
"अगं, डाग आहे तो."
"म्हणूनच."

मस्करेन्हस सर आले, चहा अर्धा टाकून.
वाकताना गुडघे वाजले.
एकेक स्क्रू थाळीत, मग झाकण, मग बॅटरीचा उजेड.
नळीच्या वळणावर चीर,
नख अडकेल एवढीच.
ते काही बोलले नाहीत.
प्रोपेलरला लाल फीत बांधली, दोन गाठी मारून,
आणि म्हणाले, "जा, चहा घे. माझा तर गेला थंड."

पाहुण्यांनी दुसऱ्या विमानापुढे फोटो काढले.
नवी नळी बेंगळुरूहून यायला नऊ दिवस.
नऊ दिवस सगळं पोट लख्ख
आणि तेवढी रेघ मळकी.
निमकर साहेब तिच्याजवळून जाताना
छताकडे बघायचे.
घरी सांगितलं तर सासू म्हणाली,
"न पुसायचेही पैसे देतात होय?"

दहाव्या दिवशी पुसली. दोन मिनिटं लागली.
मेणाचा हात फिरवला,
बांगड्या चढवल्या, बाहेर उन्हात येऊन उभी राहिले.
विमान कानिफनाथच्या डोंगराकडे वळलं,
घारीएवढं झालं,
परत आलं.
इंजिन टिकटिक करत निवत होतं तेव्हा
मी वाकून पाहिलं.
सांध्याशी काही नाही.
नळीमागे वीतभर, कोवळा, बिस्किटी रंगाचा डाग.
हा बरोबर. हा असाच असतो.

बांगड्या पुन्हा खिळ्याला.
बादली नळाखाली लावली.