पपईला झाड म्हणत नाहीत

प्रतापनगर यार्डाच्या कुंपणाला लागून
रुळांपासून मोजून वीस पावलं सोडून
रेल्वेने मला जमिनीचा तुकडा दिला होता,
वर्षाच्या भाड्याने, स्टँप-पेपरावर:
भाजीपाला लावावा. झाड लावू नये.
विहीर खणू नये. छप्पर घालू नये.

मी सही केली. हेमलताने कागद वाचला.
वाचणारी माणसं धोकादायक असतात.

पहिल्या वर्षी नुसती खडी निघाली.
घमेल्याने वाहून तिने खडीचाच बांध रचला
आणि बांधाला अबोली लावली.
फुलं खाणार का आपण, मी म्हटलं.
कागदात फुलांचं काही नाही, ती म्हणाली.

मग ठरलं, म्हणजे ठरलं नाही, झालं,
की वाफे माझे, कडा तिच्या.
माझी पापडी, मेथी, वांगी, हिरवा लसूण
दोरी लावून सरळ रेघेत,
सिग्नलच्या तारा ओढाव्यात तशी.
ती झेंडूचं वाळकं फूल मुठीत चुरगाळायची
आणि चालता चालता सोडून द्यायची.
जानेवारीत माझ्या वांग्यांमध्ये
पिवळी फुलं उभी, बिनतिकीट.

इन्स्पेक्टर आला तेव्हा पपई
माझ्या डोक्याच्या वर गेली होती.
हे काय?
मी रुळांकडे बघत राहिलो.
पपईला झाड म्हणत नाहीत साहेब, हेमलता म्हणाली,
आतून पोकळ असतं. चुलीत घाला, धड जळतसुद्धा नाही.
त्याने वहीत काय लिहिलं कोण जाणे,
जाताना दोन कच्च्या घेऊन गेला, संभाऱ्याला.

छोटी लाइन होती तोवर डभोईची गाडी
इतकी सावकाश जायची की गार्ड विचारायचा,
आज गवार आहे का, आणि उत्तर ऐकायला
त्याला वेळ असायचा.
मग रूळ रुंद झाले. आता खिडक्यांची नुसती पट्टी जाते.
ती तरीही खुरपं वर करते.

पुराच्या साली पाणी ओसरलं
तर दुधीच्या वेलाखाली मगर.
जंगलखात्याची माणसं येईपर्यंत
आम्ही दोघं बांधावर, पाय वर घेऊन.
बऱ्याच वेळाने ती म्हणाली,
मला वांगं आवडत नाही.
कधीपासून?
कधीच नाही.
मग सांगितलं का नाहीस?
तुम्ही दोरी लावत होतात.
मगरीने एकदा डोळा उघडला, मिटला.

एकतीस तारखेला मी रिटायर होतोय.
परवाना नोकरीचा होता, माझा नव्हता.
यादीत पुढचं नाव भरत परमार, ट्रॅकमन;
काल तो आणि त्याची बायको रमीला जागा बघून गेली.
मी त्याला सांगितलं टाकीच्या गळतीचं पाणी कुठून वळवायचं
(आणि कुणाला सांगायचं नाही),
नीलगाय कुठून येते, कुठला कोपरा अजून खडीच आहे.
तो हो हो म्हणत होता,
मापाची दोरी मागत होता.
दिली.

हेमलता रमीलाला घेऊन पपईच्या मागे गेली,
जिथे पापडीचा वेल तिने कधी तोडू दिला नाही.
तिथे काय आहे ते मला माहीत आहे.
खोड मनगटाएवढं, उंची गुडघ्याएवढी,
दर वर्षी तपासणीच्या आधी छाटलेलं, वेलाने झाकलेलं.
अकरा वर्षं मी तिथे रात्रपाळीवरून येताना
शेणखताची पाटी ओतत आलोय
आणि काही बोललो नाही. तीही नाही.

वेल बाजूला झाल्याचा आवाज आला.
बेन, आ झाड नथी, हं,
हेमलता तिला समजावत होती.
रमीला खाली वाकली. एक पान तोडून
तिने बोटांत चोळलं,
आणि पार रुळांपर्यंत
लिंबाचा वास.