ड्रॉप पिन

गुरुवारी पहिली पाळी टाकून मी सिव्हिलला जातो.
खोली नंबर चौदा. पंखा एका पात्याने लंगडतो.
बिराजदार मॅडम म्हणाल्या,
"गोळी म्हणजे उभा धागा समजा, आपलं बोलणं आडवा,
दोन्ही मिळून चादर होते."
मला हसू आलं.
मॅडमनी कारखाना बाहेरून बघितलाय.

उभ्या धाग्याचं मला सांगू नका,
एकवीस वर्षं त्याच्यासमोर उभा आहे.
प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पिन लटकते, बोटभर.
धागा तुटला की पिन पडते,
पिन पडली की लूम थांबतो.
एवढंच तिचं काम.
ती धागा जोडत नाही.
जोडायला माणूस लागतो, कंबरेत वाकलेला,
हजारोंतून तुटलेलं टोक शोधणारा,
थुंकीने बोट ओलं करून गाठ मारणारा.
आणि पिनच नसेल तर
लूम आपला चालतच राहतो,
कापडात लांबच लांब फट पडत जाते.
माझ्या कापडात अशी अकरा वर्षं आहेत.

बालामणी विड्या वळता वळता गोळ्या मोजते.
पंचवीसचा कट्टा, दहाची पट्टी.
पट्टीवर पेन्सिलीने वार लिहिते.
आधी तिने कुठल्याशा बाबाची पूड आणली होती,
मला न सांगता आमटीत कालवली.
ती आमटी मी भिंतीवर फेकली. डाग अजून आहे.
ही गोळी ती सांगून देते.
सुरुवातीला जीभ वर करून दाखवायची असायची,
आता ती बघत नाही,
म्हणजे बघते, पण सुपाकडे तोंड करून.

गड्ड्याच्या शेवटच्या रविवारी मी प्यालो.
लपवत नाही.
पावशेर पोटात गेली आणि मी वाट बघत बसलो,
बंद खिडकीसमोर तिकिटाला थांबावं तसा.
दारू होती, मी होतो,
मधला जो एक दिवा लागायचा तो लागलाच नाही.
गोळीने तो बाहेरच्या बाहेर विझवला होता.
अर्धी बाटली तिथेच ठेवून घरी आलो.
ओकलो नाही, ओरडलो नाही.
भाग्या दिव्याखाली गणितं करत होती,
वास आला तशी
वही उचलून आत गेली.
त्या वहीवर गोळी नाही.
ते गुरुवारी मलाच सांगावं लागलं, मोठ्याने.

थोरला म्हणतो, "का बे सायन्ना,
गोळ्या खाऊन सोडली म्हणजे सोडली का?
मर्दासारखी सोड की."
मी काही बोललो नाही. चहा त्याच्या पैशाचा होता.
मर्दासारखी मी सात वेळा सोडलीय.

मागच्या खेपेला मॅडमनी विचारलं,
पहिला घोट कशासाठी?
दोस्तांमुळे, अंगदुखीमुळे,
पाठ केलेली सगळी उत्तरं देऊन झाली.
मग मराठी संपली
आणि तोंडातून घरची भाषा निघाली.
भयम्.
मॅडमना तेलुगू येत नाही.
म्हणाल्या, "भय? कशाचं?"
एक म तेवढा गळाला होता.
त्यावर मी रडलो.

गप्प होण्याचं, म्हटलं.
पाळी सुटते, कान रिकामे होतात.
गिरणीचा भोंगा वाजला नाही त्या सकाळी
नान्ना डबा हातात धरून दारात उभे होते,
ना आत, ना बाहेर,
आणि घरात कुणी भांडंसुद्धा वाजवलं नाही.
तेवढी शांतता
मला अजून ऐकू येते.

किती महिने घ्यायची, डॉक्टरांना विचारलं.
बघू, म्हणाले.
मीही बघू म्हटलं.

काल रात्री लाइट गेली.
अख्ख्या गल्लीचे लूम एका झटक्यात बंद.
बाकीचे बिडी ओढायला बाहेर गेले,
कुणीतरी हाक मारली, कुठल्या हाकेला काय म्हणायचं
ते मला माहीत आहे.
माझ्या बोटांत तुटलेलं एक टोक होतं, दुसरं अंधारात.
चाचपत राहिलो.
सापडलं तेव्हा गाठ मारली.

गाठ दिसते.
चादर उलटी करून हात फिरवा,
लागेल.